एकशे पंचवीस मायक्रॉन

"हे काय आहे?" खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

"मुलीची बारावीची मार्कशीट," झेरॉक्सकाका म्हणाले.

"ते दिसतंय मला. हिच्यावर काय आहे?"

काकांचा चेहरा उजळला. बावीस वर्षं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवूनही आपण होऊन असं कोणी विचारलं नव्हतं. "लॅमिनेशन," ते म्हणाले. "एकशे पंचवीस मायक्रॉन. बाकीचे सगळे ऐंशीचं पातळ वापरतात. हे तुम्ही पाण्यात टाका, उन्हात ठेवा, काही म्हणता काही होणार नाही. जन्मभर निघायचं नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या आणि मार्कशीट खिडकीतून परत बाहेर सरकवली. "चालणार नाही. पुढचे या."

पुढचे येऊ शकले नाहीत, कारण काका खिडकीसमोरून हललेच नाहीत. त्यांच्या शेजारी त्यांची लेक उभी होती. कपाळाला हात लावावा की बापाला आधार द्यावा, हे ठरवता न आल्यामुळे तिने दोन्ही हातांनी फाईल छातीशी धरली होती. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. प्रवेशाची मुदत त्याच दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी पाचपर्यंत होती.

बाई तशा वाईट नव्हत्या. त्यांनी मार्कशीट पुन्हा आत घेतली, उलटी केली, शिक्का पॅडवर दाबला आणि पाठीमागे मारला. 'प्रवेश दिला' ही अक्षरं क्षणभर जांभळी, टपोरी उमटली. मग बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. अक्षरं गेली, अंगठा जांभळा झाला.

"बघितलंत? मूळ मार्कशीटच्या मागे हा शिक्का मारायचा, खाली सही करायची. म्हणजे तीच मार्कशीट घेऊन कोणी दुसरीकडे जागा अडवून बसत नाही. शिक्का बसत नाही, तर प्रवेशही बसत नाही. दुसरी मूळ प्रत आणा."

"ती कुठे मिळते?"

"बोर्डात. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत."

"पण मुदत तर आज पाचला संपते."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि पाच वाजून एक मिनिटाने जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला जाते. त्याच्या आई सकाळपासून बसल्यात."

काकांनी मागे वळून पाहिलं. व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काकांकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात वैर काही नव्हतं, पण मुक्काम हलवायचा विचारही दिसत नव्हता.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगायला हवं. काकांच्या घरात कागद म्हणून जे जे शिरलं, ते मशीनमधून पार होऊनच पुढे गेलं. शाळेचं वेळापत्रक, गॅसवाल्याचा नंबर, दारावरची 'बेल दोनदा दाबा' ही चिठ्ठी, सगळ्याला प्लास्टिकचं कवच होतं. लग्नाआधी बायकोने पाठवलेलं एकुलतं एक पत्रही त्यांनी लॅमिनेट केलं होतं. त्यात तिने 'अजून विचार करते आहे' असं लिहिलं होतं आणि ते आता जन्मभर पुसलं जाणार नव्हतं. घरात मशीनमध्ये न शिरणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे लेकीने लहानपणापासून गोळा केलेले दगड. खिडकीच्या कट्ट्यावर, कपाटावर, पलंगाखाली, जिकडे तिकडे दगड. बहुधा म्हणूनच तिला ते आवडत असावेत. तिला भूगर्भशास्त्रच शिकायचं होतं, आणि ते शिकवणारं हे एवढंच कॉलेज आसपास होतं. जागा चाळीस. काल सकाळी लागलेल्या यादीत तिचं नाव चाळिसावं होतं.

काल संध्याकाळी तिने मार्कशीट बाबांच्या हातात दिली आणि म्हणाली, "चार झेरॉक्स काढून ठेवा." काकांनी चार झेरॉक्स काढल्या. मग मूळ प्रत हातात राहिली. पोरीची दोन वर्षांची मेहनत एका साध्या कागदावर, आणि तो उद्या घामेजल्या हातांत फिरणार, कुठे चहा सांडणार, कुठे कोपरा दुमडणार. काकांचा जीव तुटला. मशीन तापलेलंच होतं.

"बाबा," लेक आता हळूच म्हणाली, "पहिला सल्ला काय होता?"

सल्ला त्यांनीच लिहिला होता. कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी घरातल्यांनी मिळून एक यादी केली होती. आई बोलली, कॉलेजात दीड वर्ष काढून बाहेर पडलेला मामा फोनवरून बोलला, आणि काकांनी सुवाच्य अक्षरात सतरा कलमं लिहून काढली. पहिलंच कलम होतं, 'मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये.' ती यादी अर्थातच दोन्ही बाजूंनी लॅमिनेट होऊन लेकीच्या दप्तरात होती.

"बाप म्हणजे कोणीही नव्हे," काका पुटपुटले.

दीड वाजता खिडकीची फळी खाली आली. जेवणाची सुट्टी. 'ऑफिसातलं काम काढायचं तर ऑफिसच्या जेवणाच्या वेळेआधी' हे अकरावं कलम होतं, पण आता त्याची आठवण कुणी काढली नाही.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. "झालं का हो?" बायकोने विचारलं.

"होतंय," काका म्हणाले.

"होतंय म्हणजे काय? कुठवर आलंय?"

"खिडकीपर्यंत आलंय," काका म्हणाले. हे खोटं नव्हतं. त्यांनी घाईने फोन ठेवला. लेक त्यांच्याकडे बघत होती.

"सतरावं," ती म्हणाली.

सतरावं कलम आईने घालायला लावलं होतं. 'अडचण आली की घरी सांगावं, लपवू नये.'

"आत्ता तिला सांगून काय होणार आहे? तिकडे तिचा जीव टांगणीला, इकडे आपला. त्यापेक्षा दुकानात चल. लावलेलं लॅमिनेशन काढायचं."

"निघतं?"

या प्रश्नाचं उत्तर काकांना बावीस वर्षं तोंडपाठ होतं. दुकानाच्या पाटीवरच लिहिलं होतं, 'एकदा लावले की निघत नाही.' गिऱ्हाइकाला ते कागद हातात देताना दोन्ही टोकांनी ओढून दाखवत असत. आपणच दिलेली हमी अशी आपल्याच गळ्यात येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "बघू," ते म्हणाले.

कॉलेजपासून दुकान पायी दहा मिनिटांवर. ते त्यांनी सहा मिनिटांत गाठलं. शटर अर्धंच वर करून दोघं आत वाकून शिरली. काकांनी मशीन लावलं, इस्त्री लावली, ब्लेड काढलं, आणि डॉक्टर ऑपरेशनच्या आधी धुतो तसे हात धुतले. मार्कशीट टेबलावर ठेवली. कोपऱ्याशी ब्लेड नेलं.

"थांबा," लेकीने त्यांचं मनगट धरलं. "आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघू."

"दुसरं काय आहे इथे लॅमिनेट केलेलं?"

दुकानात लॅमिनेट केलेलं भरपूर होतं, पण ते सगळं गिऱ्हाइकांचं. तिने दप्तर उघडलं आणि सल्ल्यांची यादी काढून टेबलावर ठेवली. काकांनी यादीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"ही कशाला? ही तुला चार वर्षं पुरायची आहे."

"मार्कशीट फाटली तर चार वर्षंच उरणार नाहीत, बाबा."

काकांनी यादीवर इस्त्री फिरवली. प्लास्टिक मऊ झालं. ब्लेडने एक कोपरा सुटा केला आणि चिमटीत धरून सावकाश ओढायला सुरुवात केली. प्लास्टिक निघत होतं. खरंच निघत होतं. काकांच्या कपाळावरची एक आठी सैल झाली. बोटभर निघालं, वीतभर निघालं, दीड तासाने अख्खं निघालं.

मग त्यांनी कागद उचलून उजेडात धरला. कागद कोरा होता. वरचा पापुद्रा प्लास्टिकबरोबर निघून आला होता आणि त्यांनी लिहिलेली सतराच्या सतरा कलमं त्या प्लास्टिकला चिकटून हवेत लटकत होती. दुसऱ्या बाजूला सतरात न मावलेले मामाचे सल्ले होते, तेही गेले. मामाच्या सल्ल्यांचं कोणाला फारसं वाईट वाटलं नाही.

दोघंही मार्कशीटकडे बघत राहिली. तिच्या कोपऱ्यापासून ब्लेड दोन इंचांवर पडलं होतं.

"माझा हात धरला नसतास तर," काका म्हणाले. ते स्टुलावर बसले. आपल्या हातून पोरीचं वर्ष गेलं, हे आता त्यांना स्पष्ट दिसायला लागलं होतं. आजवर त्यांनी हजारो लोकांचे कागद जपले. एका माणसाची तक्रार नव्हती. आणि घरच्याच कागदाशी हे असं व्हावं.

लेकीने कोरा कागद नीट घडी करून दप्तरात ठेवला. "चला," ती म्हणाली, "बाईंनाच परत विचारू."

"आता यादीही गेली."

"मला पाठ आहे."

काकांनी चमकून वर पाहिलं. यादी दिली तेव्हा तिने 'हं' एवढंच म्हणून ती दप्तरात टाकली होती. ती वाचली असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

ते परत पोचले तेव्हा पावणेचार वाजले होते आणि खिडकीसमोर दुसऱ्या विभागाची वीस माणसांची रांग लागली होती. रांग इंचाइंचाने सरकत होती, घड्याळ मात्र चांगलं पळत होतं. रोपवाटिकेत काम करणाऱ्या त्या बाकावरच्या बाई आता रांगेशेजारी येऊन उभ्या होत्या. रोपवाटिकेचं त्यांनी आपण होऊन सांगितलं. सकाळपासून एकटं बसल्यावर माणूस काहीही सांगतं.

"निघालं का हो?" त्यांनी काकांना विचारलं. प्रश्न आपुलकीचा होता, पण उत्तर नाही असं आलं तर बरं, हेही त्यात होतं.

"नाही," काका म्हणाले.

"अरेरे," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून आपल्या मुलाची मार्कशीट काढून तयार ठेवली. ती चार ठिकाणी दुमडलेली होती, एका बाजूला मातीचा डाग होता, एक कोपरा कुरतडल्यासारखा दिसत होता. लॅमिनेशन तेवढं नव्हतं. काकांनी आयुष्यात प्रथमच एका चुरगळलेल्या कागदाचा हेवा केला.

साडेचारला त्यांचा नंबर लागला. काका आता पेटले होते. दुपारभर स्वतःवर रागावून झालं होतं, उरलेला राग कोणावर तरी काढायलाच हवा होता. 'ऑफिसात आवाज चढवू नये, चढवलेला आवाज वर जातो आणि अर्ज खाली' हे त्यांचंच तिसरं कलम.

"मॅडम, लॅमिनेशन चालत नाही हे आम्हाला कळणार कसं?" त्यांनी आवाज चढवून विचारलं. "कुठे लिहिलंय? दाखवा मला. नियम तुमच्या मनात आणि भुर्दंड आमच्या पोरांना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चार पेनांच्या रांगेत ते सरळ केलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून व्हरांड्याच्या टोकाकडे बोट केलं. "तिथे. पंधरा दिवसांपासून लावलंय. सहा ठिकाणी लावलंय."

काका तरातरा नोटीसबोर्डाकडे गेले. मधोमध एक सूचना होती, मोठ्या ठळक अक्षरांत. 'लॅमिनेशन केलेली मूळ कागदपत्रे कोणत्याही परिस्थितीत स्वीकारली जाणार नाहीत.' काका ती वाचायला पुढे झाले आणि वाचता वाचता थबकले. त्यांची नजर अक्षरांवरून घसरून कोपऱ्यांवर गेली. चारही कोपरे गोल कापलेले होते.

गावात प्लास्टिकचे कोपरे गोल कापणारा एकच माणूस होता. टोकदार कोपरा बोटाला लागतो, म्हणून त्यांनी त्यासाठी वेगळं कटर घेतलं होतं. त्यांनी हळूच बोट फिरवलं. बुडबुडा नाही, सुरकुती नाही. एकशे पंचवीस मायक्रॉन.

मग त्यांना आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी कॉलेजचा शिपाई सहा कागद घेऊन आला होता. काकांनी ते सहाच्या सहा एकामागून एक मशीनमध्ये सारले होते, कोपरे कापले होते, दोन्ही टोकांनी ओढून दाखवले होते. वाचले मात्र नव्हते. गिऱ्हाइकाचा कागद वाचायचा नाही, हे त्यांचं धंद्याचं तत्त्व होतं. लोकांची मृत्युपत्रं येतात, डॉक्टरांचे रिपोर्ट येतात, कोर्टाचे कागद येतात. आपण फक्त दाबायचं. बावीस वर्षं ते या तत्त्वाला जागले होते आणि लोक म्हणूनच त्यांच्याकडे येत होते.

काका नोटीसबोर्डाला पाठ टेकून उभे राहिले. चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. फोन पुन्हा वाजला.

"झालं का हो?" बायकोने विचारलं.

"नाही झालं," ते म्हणाले. "मार्कशीट मी लॅमिनेट केली. शिक्का बसत नाही त्यावर. पाच वाजता जागा जाणार आहे. माझ्यामुळे."

"मला वाटलंच होतं," बायको म्हणाली. "सकाळी फाईल उचलली तेव्हाच जड लागली."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, एकशे पंचवीस मायक्रॉन आहे."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," बायको म्हणाली आणि उरलेली म्हण तिने दयेने गिळली. "आता एक करा. तुम्ही बोलू नका. पोरीला बोलू दे. सल्ले तुम्ही लिहिलेत, पाठ तिने केलेत."

काकांनी फोन खाली घेतला आणि लेकीकडे पाहिलं. ती नोटीसबोर्डासमोरच उभी होती, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती सूचना वाचत होती. ओठ हलवत, एकेका शब्दावर थांबत, खालच्या ओळीपर्यंत.

"सातवं," ती स्वतःशीच म्हणाली. 'नोटीसबोर्ड वाचावा, पूर्ण वाचावा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.'

"वाचून काय करतेस आता? ती मीच केलीय," काका म्हणाले.

"बाबा, शेवटची ओळ बघा."

शेवटची ओळ होती, 'प्रवेशाची अंतिम मुदत बुधवार, सायंकाळी पाच.' त्यातल्या 'बुधवार'वर काळी रेघ मारलेली होती, वर 'शुक्रवार' लिहिलं होतं आणि शेजारी छोटी सही होती. लेकीने त्यावरून अंगठा फिरवला. दाबून फिरवला. मग अंगठा बाबांसमोर धरला. तो स्वच्छ होता.

ती खिडकीपाशी गेली. आवाज तिने खालीच ठेवला. "मॅडम, नोटिशीवरची तारीख कोणी बदलली?"

"मीच. मुदत वाढवली साहेबांनी परवा. का?"

"कशाने लिहिलीत?"

"मार्करने," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना आपण काय म्हणालो ते ऐकू आलं. "ती नोटीस आहे," त्यांनी घाईने पुस्ती जोडली. "ही मार्कशीट आहे. प्लास्टिकवर लिहिलेलं असं ग्राह्य नसतं."

"बरं," लेक म्हणाली. तिने जरा विचार केला. "मग तारीखही प्लास्टिकवरच बदललीय. ती ग्राह्य नसेल तर मुदत बुधवारीच संपली."

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

"आमची यादी गुरुवारी लागली. मग ते सगळे प्रवेश?"

बाईंनी समोरच्या रजिस्टरकडे पाहिलं. काल आणि आज त्यांनी स्वतःच्या हाताने भूगर्भशास्त्राचे एकोणचाळीस प्रवेश दिले होते. त्यांनी पान उलटलं, परत उलटलं, जणू मागे काही वेगळं लिहिलेलं सापडणार होतं. जांभळा अंगठा त्यांनी नकळत पदराला पुसला.

"म्हणजे प्रतीक्षा यादीसुद्धा गेली की," रोपवाटिकेच्या बाई मागून म्हणाल्या. एवढा वेळ त्या शब्दही न चुकवता ऐकत होत्या.

"कोणाचं काही गेलेलं नाही," खिडकीमागच्या बाई कडक आवाजात म्हणाल्या. "मी केलेला बदल ग्राह्य आहे. सही आहे माझी." त्यांनी मार्कशीटसाठी हात पुढे केला. "पण मला शिक्काही लागतो. नुसती सही पुरत नाही."

"शिक्क्याच्या रबरालाच मार्कर फासला तर?" लेकीने विचारलं.

चार वाजून पन्नास मिनिटं. बाईंनी खण उघडला, मार्कर काढला, टोपण काढायला गेल्या तर टोपण नव्हतंच. परवापासून मार्कर उघडाच खणात पडला होता. त्यांनी कागदावर रेघ ओढली. उमटली नाही. पुन्हा ओढली. कागद फाटला, रेघ नाहीच.

"वाळला," बाई म्हणाल्या.

"दुकानात आहे माझ्याकडे," काका म्हणाले आणि धावायला वळले. जायला सहा मिनिटं, यायला सहा मिनिटं. ते अर्ध्या वळणावरच थांबले.

तेव्हा रोपवाटिकेच्या बाईंचा फोन वाजला. फोनवर त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा होता आणि व्हरांडाभर ऐकू गेलं. "आई, ती मुलगी आली का गं?" मुलगा विचारत होता.

"आलीय. पण तिचा शिक्का अडलाय. तू धीर धर."

"कसला धीर? आई, माझ्या जिवावर आलंय ते दगडधोंडे शिकायचं. तुला किती वेळा सांगितलं. मिळू दे ना तिला."

बाईंनी फोन कानाला दाबला, पण जे बाहेर पडायचं ते पडून गेलं होतं. त्या फोन ठेवून हातातल्या पिशवीकडे बघत राहिल्या. सकाळपासूनची बैठक, कोरडा घसा, तयार ठेवलेली मार्कशीट. काकांना त्यांच्याकडे बघवेना. चार वाजून चौपन्न मिनिटं झाली.

मग बाईंनी पिशवीत हात घातला, खोलवर घातला, आणि तळातून एक काळा मार्कर काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्याला टोपण होतं.

"रोपांच्या कुंडीत प्लास्टिकच्या पट्ट्या खोचतो ना आम्ही, त्यावर नावं याने लिहिते मी," त्या म्हणाल्या. "रोज पाणी पडतं. सहा महिने हलत नाही. घ्या."

काकांच्या खिशात नेहमी कापलेल्या प्लास्टिकचे तुकडे असत. त्यातला एक त्यांनी पुढे केला. खिडकीमागच्या बाईंनी शिक्क्याच्या रबरावर मार्कर फासला, तुकड्यावर दाबला, फुंकर मारली. 'प्रवेश दिला.' बाईंनी अंगठा फिरवला. मग काकांनी फिरवला. मग रोपवाटिकेच्या बाईंनी, आपलाही तेवढा हक्क आहे म्हणून, फिरवला. अक्षरं जागची हलली नाहीत.

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी मार्कशीटवर शिक्का बसला. काका खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून उभे राहिले. रोपवाटिकेच्या बाईंचे आभार मानायला त्यांनी तोंड उघडलं. "तुमच्या पट्ट्या," ते म्हणाले, "सगळ्या मी करून देईन. कोपरे गोल."

बाई हसल्या. "आधी आमच्या चिरंजिवांचं काय करायचं ते बघते," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

खिडकीमागच्या बाईंनी लेकीला पावती दिली. "ही सांभाळ. दरवर्षी हिच्या मागे शिक्का मारायचा असतो." काकांचा हात सवयीने पुढे आला. लेकीने पावती दप्तरात टाकली आणि चेन लावली. काकांनी हात मागे घेऊन डोकं खाजवलं.

सोमवारी सकाळी, कॉलेजला जाण्याआधी, लेक दुकानात आली. तिने दप्तरातून तो कोरा, पापुद्रा गेलेला कागद काढून बाबांपुढे ठेवला. "सतरावं तेवढं लिहून द्या," ती म्हणाली. "तुमच्या अक्षरात."

काकांनी चष्मा लावला आणि लिहिलं. कागद खरबरीत झाला होता, शाई फुटत होती, पण वाचता येत होतं. 'अडचण आली की घरी सांगावं, लपवू नये.' त्यांनी कागद हातात धरला, मशीनकडे पाहिलं, आणि तसाच तिला परत दिला. एवढं करायला त्यांना किती जड गेलं, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

तेवढ्यात कॉलेजचा शिपाई आला. हातात सहा कागद. "तातडीचं आहे, काका. बाईंनी आत्ताच पाठवलंय."

काकांनी पहिला कागद घेतला, आणि बावीस वर्षांत प्रथमच गिऱ्हाइकाचा कागद वाचला. पूर्ण वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग न बोलता लेकीच्या हातात दिला. तिने वाचलं. 'यापुढे कार्यालयाच्या कोणत्याही सूचनेस लॅमिनेशन करण्यात येऊ नये.'

"सहाच्या सहा?" तिने शिपायाला विचारलं.

"सहाच्या सहा. आणि बाई म्हणाल्या, ते जाडवालंच लावा."

लेकीने बाबांकडे पाहिलं. "बाबा, सांगा ना यांना."

"गिऱ्हाइकाचा कागद वाचू नये," काका म्हणाले आणि मशीन तापायला लावलं.